फोटोतली कडेची जागा

कवयित्रीबाईंचं जेवणाचं टेबल जेवायला कधी मोकळं नसायचंच. त्यावर जुनी मासिकं, दोन कात्र्या, खळीची वाटी आणि अर्धवट चिकटवलेली चित्रं पसरलेली असत. सकाळी कविता, दुपारी कातरकाम. "आई, आज उभ्याउभ्याच जेवायचं का?" असं मुलगा म्हणायचा आणि कोपर टेकण्यापुरती जागा करून बसायचा.

त्या दिवशी कविमंडळाचं स्मरणपुस्तक टपालाने आलं. मुखपृष्ठावर पहिल्या बैठकीचा फोटो होता. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्चीवर अध्यक्ष, भोवती बाकीचे कवी, सगळे पुरुष. उजव्या कडेला, जिथे त्या स्वतः उभ्या होत्या, तिथे नुसती भिंत. खुर्चीच्या पाठीवर टेकलेली चार बोटं तेवढी राहिली होती.

"छापताना कापलं असेल," मुलगा म्हणाला. "जाऊ दे ना. आमच्या फोटोत आहेस, तेवढं पुरे नाही का?" त्याने कपाटावरच्या तसबिरीकडे मान वळवली. तिच्यात निळी शाल घेतलेली आई होती आणि तिच्या मांडीवर तो, बोळक्या तोंडाचा.

"नाही पुरे. मंडळ मी उभं केलं. पत्रकं मी लिहिली, खुर्च्या मी मांडल्या, आणि फोटोत हे ठोकळे?"

दुसऱ्या दिवशी त्या संपादकांच्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या. संपादकही त्या फोटोत होते, तेव्हाच्या भरघोस केसांसकट.

"कात्री कोणी चालवली?"

"कोणीच नाही. त्या बैठकीला तुम्ही नव्हताच, बाई."

"माझी कविता तुम्ही पुन्हा म्हणायला लावलीत."

"वय झालं की आपण सगळीकडे होतो असं वाटतं हो. मलाही वाटतं."

"मग अध्यक्षांच्या मानेमागची बोटं कोणाची? तुमची?"

संपादकांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "कुठली बोटं?" त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

त्यांनी मूळ फोटो काढून दिला. बाईंनी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कापलेला काठ त्यांना डोळे मिटूनही कळत असे. हा काठ जन्मापासूनचा होता. भिंतीत कुठे जोड नव्हता. बोटं मात्र होती.

घरी येऊन त्यांनी आपल्या पेटीतली त्याच फोटोची प्रत काढली. तिच्यातही तसंच.

"अस्सं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटलं, मला चिकटवता येत नाही?"

त्यांनी तसबीर उघडली आणि लहान कात्रीने स्वतःला शालीच्या काठाकाठाने कापून काढलं. बाळ पोकळीवर बसून राहिलं. रागाच्या भरात त्यांनी तिकडे नीट पाहिलंही नाही.

पेटीतल्या फोटोच्या उजव्या कडेला खळ लावून त्यांनी ते चिकटवलं. चित्र त्या जागी मोठं व्हायला हवं होतं. ते अगदी मापात बसलं. बाळाच्या कमरेभोवतीचा हात खुर्चीच्या पाठीपर्यंत पोचला आणि चार बोटांना जाऊन मिळाला. बाईंनी वर जाडजूड शब्दकोश ठेवला.

खळ वाळल्यावर त्यांनी कडेवरून बोट फिरवलं.

काठ लागला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. संपादक होते. "बाई, मुखपृष्ठावर तुम्ही काय ठसठशीत आलायत! सकाळपासून लोक तुमच्याबद्दलच विचारतायत."

"मघाशी तर मी नव्हतेच म्हणालात."

"मी? तुमच्याशिवाय ती बैठक झाली असती का?"

बाईंनी पुस्तक ओढलं. त्या उभ्या होत्या, ताठ, निळी शाल घेऊन. बैठकीला त्या राखाडी स्वेटर घालून गेल्या होत्या. शाल तर मुलगा झाल्यावरची. पण आता कोण हुज्जत घालतंय! त्या बऱ्याच दिवसांनी मोकळं हसल्या.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. बाईंनी पुस्तक त्याच्यापुढे धरलं.

"बघ. आता म्हण, जाऊ दे."

तो दारातच थबकला. मग घाईघाईने चपला काढल्या, केस सारखे केले आणि पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. फोटोकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बसला तो खुर्चीच्या अगदी टोकावर.

"तुम्ही आमच्या घरी याल असं कधी वाटलं नव्हतं," तो संकोचून म्हणाला. "आमच्या आईला तुमच्या कविता फार आवडायच्या."