हॅड्रिलांचं शेवटचं शीड

बरखास्तीचा ठराव झाल्यापासून ‘हॅड्रिल सेलमेकर्स लिमिटेड’ला नवं काम घेता येत नव्हतं. हातात होतं ते ज्याचं त्याला पोचवायचं आणि कंपनी गुंडाळायची. ते थीयाकडे आलं. भागधारक दोघंच होते, बाबा आणि ती; आणि बाबा मार्चमध्ये गेले.

ह्यूऑन नदीकाठच्या त्या लाकडी शेडला अजून मेणाचा वास होता. बाबा जमिनीवर गुडघे टेकून बोटींची शिडं शिवत. शेजारी लहानगी थीया, तशीच गुडघ्यांवर, कात्री धरून. शेवटचा टाका पडला की ते दोरा ताणून धरत. “थी, काप.” तिनं कापल्याशिवाय शीड पुरं झालं असं ते मानत नसत.

महिनाभरात शेड रिकामी झाली. उरलं म्हाताऱ्या पायबसचं एक शीड, बाबांनी अर्धवट सोडलेलं. ते तसंच परत द्यायचं होतं. थीया रोज उद्यावर ढकलत होती.

“सोमवारी शिवण इथवर होती,” नोरीननं स्वतः केलेली खडूची खूण दाखवली. तीस वर्षं ती बाबांच्या हाताखाली होती. “आज वीतभर पुढं. चोरून शिवतेस की काय?”

“मला येतं का शिवता, नोरीनमावशी?”

“तेही खरंच. तुझे टाके म्हणजे कोंबडी नाचल्यासारखे.” ती हसत वाकली आणि वाकलेलीच राहिली. “हे लेनचे आहेत गं. तुझ्या बाबांचे.”

किल्ली एकट्या थीयाकडे होती.

पायबसला तिनं फोन केला नाही. रोज सकाळी येऊन नवे टाके बोटांनी चाचपायची.

पण शुक्रवारी शेवटचा कागद जायचा होता: कंपनीच्या हाती काही उरलेलं नाही. गुरुवारी तिनं जमीन झाडली, खडूची भुकटी तेवढी फळ्यांवर राहिली.

शुक्रवारी सकाळी शिवण कोपऱ्यापर्यंत पोचली होती. शेवटच्या टाक्यातून दोरा सरळ वर गेला होता, ताठ.

वरच्या टोकाला कोणी नव्हतं.

दारातून नोरीन हळूच म्हणाली, “काप, पोरी. गुडघे दुखतात त्याचे.”

थीयानं उभ्याउभ्याच, वाकून, दोरा कापला.

तो खाली पडला.

खिडकीच्या कट्ट्यावर तिनं त्या शेवटच्या कागदावर सही केली. शीड उचलायला दोघी वळल्या. जमिनीवरच्या पांढऱ्या भुकटीत दोन गुडघ्यांच्या खुणा होत्या.

आणि त्यांना अगदी लागून, आणखी दोन. लहान.