उशाखालचा पाचू

जगातल्या सगळ्या थोर प्रेमकथा नजरानजरेनं सुरू होतात. आभा आणि विहंगची कथाही नजरेनंच सुरू झाली; फक्त विहंगच्या डोळ्याला दहापट मोठं दाखवणारं भिंग होतं, आणि तो आभाकडे नव्हे, तिच्या आत्यानं दुबईहून आणलेल्या हिरव्या खड्याकडे बघत होता.

"काच आहे," तो म्हणाला.

"नीट बघा हो," आभाची आई इंदिराबाई म्हणाल्या. "वन्संनी स्वतः दिलाय."

विहंगनं पुन्हा बघितलं. अगदी नीट.

"चांगली काच आहे, काकू."

सराफ बाजारातलं ते दुकान चिंचोळं होतं. कोपऱ्यात खुर्चीवर विहंगचे काका, म्हणजे दुकानाचे मालक वेणीमाधव, डोळे मिटून बसले होते. ते तसेच म्हणाले, "दार लोटून घ्या. एसी चालू आहे."

आभाला या मे महिन्यात सत्ताविसावं लागणार होतं. गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं होतं, बुध कमजोर आहे, करंगळीत पाचू हवा. मोबाईलनं सांगितलं होतं, मे महिन्यात जन्मलेल्यांचं रत्न पाचू. गुरुजी आणि मोबाईल यांचं एकमत झाल्यावर आभाला बोलायला जागाच उरली नाही. शिवाय गुरुजींची एक अट होती : पाचू बोटात चढल्याशिवाय स्थळाशी बोलणी नकोत. आणि स्थळ तर पुण्याला तयारच होतं. धवल नावाचं. मुलगा वाईट नव्हता. त्यानं फक्त 'आवडीनिवडी' या मथळ्याची एक एक्सेल शीट पाठवली होती, आणि उत्तरांसाठी रकाने मोकळे सोडले होते.

थोडक्यात, पाचू लाभला की धवल येणार होता. म्हणून पाचू लाभू नये, असं आभानं दुकानाची पायरी चढतानाच ठरवलं होतं.

विहंगनं पांढऱ्या कागदावर पाच खडे मांडले. "ट्यूबलाइटखाली नका बघू. दारात चला, उजेडात."

दारात उजेड होता, आणि पाणीही होतं. प्रेमकथेला पाऊस लागतो; पण बाहेर बेचाळीस अंश होतं. तेव्हा ती जबाबदारी वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी एसीनं घेतली होती. टप… टप… अगदी उंबऱ्यावर.

"आधी रंग बघायचा," विहंग सांगू लागला. "हा फार गडद, काळपट वाटतो. हा फिका, पाणी घातलेल्या पुदिन्याच्या चटणीसारखा. रंग असा हवा, की खडा वाकडा केला तरी आतून उजेड यावा."

आभानं पटकन एक उचलला. "हा. एकदम स्वच्छ. एक रेघ नाही."

"तो कारखान्यात तयार झालाय."

"मग? मीपण कारखान्यातच असते. सातपूरला, क्वालिटीत. केसाएवढी चीर दिसली तरी माल परत पाठवते."

"बरं झालं तुम्ही खाणीवर नाही," तो म्हणाला. "जगात एक पाचू उरला नसता."

आभाला हसू आलं. ते तिनं रुमालात पकडलं.

मग त्यानं तिच्या हातात भिंग दिलं, आणि एक सव्वातीन रतींचा खडा चिमट्यात धरला. "भिंग डोळ्याला लावा… आता खडा जवळ येऊ द्या. आणखी… आणखी…"

"तुम्ही पण जवळ येताय."

"चिमटा माझ्या हातात आहे," तो म्हणाला. पण कान लाल झाले.

आत एक हिरवं जग होतं. त्यात बारीक धुकं, रेघा, आणि एका कडेला नागमोडी तुरा. फाटलेल्या पतंगाच्या शेपटासारखा.

"याला आमच्यात बगीचा म्हणतात," विहंग म्हणाला. "खऱ्या पाचूत तो असतोच. आणि दोन पाचूंचा बगीचा कधी सारखा नसतो. त्या चिरांमध्ये तेल भरलेलं असतं, म्हणून गरम पाणी नको, साबण नको, आपटायचा नाही—"

"एवढे नखरे?"

"सुंदर गोष्टींचे… सहन करतो माणूस," तो म्हणाला, आणि हे आपण खड्याकडे बघून म्हणायला हवं होतं, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

इंदिराबाईंनी रिवाजाप्रमाणे सांगितलं, "तीन दिवस उशाखाली ठेवू. लाभला तर घेऊ." वेणीमाधवांनी डोळे मिटूनच मान हलवली. विहंगनं त्याच खड्याची कागदात पुडी बांधली, वर नंबर टाकला.

शनिवारी आभाला सुट्टी असे. ती एकटीच आली.

"नाही लाभला."

"काय झालं?"

"मिक्सर जळाला."

"किती वर्षांचा होता?"

"ताईच्या लग्नात आलेला आहेर."

"ताईंना मुलं?"

"दोन. मोठा सातवीत आहे."

"म्हणजे तेरा वर्षांचा मिक्सर, आणि तो पाचू घरात येईपर्यंत थांबला," विहंग गंभीरपणे म्हणाला. "निष्ठावान म्हणायचा."

खरं तर मिक्सर पाचू यायच्या आठवडाभर आधीच जळाला होता. आभानं हे सांगितलं नाही. विहंग आत गेला, आणि नव्या पुडीवर नवा नंबर घालून दुसरा खडा घेऊन आला. तिनं दारात जाऊन भिंगातून बघितला. जरा जास्तच वेळ बघितला.

"हा चालेल?" त्यानं विचारलं.

"बघू," ती म्हणाली. "उशाखाली गेल्यावर कळेल."

पुढच्या बुधवारी ती अर्धा दिवस रजा टाकून, बुधवारच्या बाजारातून गवार-भेंडीची पिशवी घेऊन आली. आईचा गुडघा धरला होता. शिवाय दोन दिवस नळाला पाणी नव्हतं.

"अख्ख्या भागाला नव्हतं. आम्हालाही नव्हतं."

"तुमच्याकडे तर पाचूंचा डबाच आहे!"

विहंगनं समोरून उसाचा रस मागवला. दोघं दारात उभं राहून प्यायले. तिच्या डोक्यावर टप झालं, तसा त्यानं आपला तळहात वर धरला. टप… टप… त्याच्या मनगटावरून थेंब कोपरापर्यंत गेला. तो हात खाली घेईना. तिचा रस संपेना. तिनं ग्लास रिकामा झाल्यावरही आणखी बराच वेळ तो प्यायला.

"तिसरा देऊ?" अखेर त्यानं विचारलं.

"द्या," ती म्हणाली. "माझं नशीबच असं…"

आणि तिसऱ्या खेपेला घात झाला. पाणी आलं, तेही भरपूर दाबानं. गुडघा सुटला. शुक्रवारी कारखान्यात आभाला अख्ख्या लाइनची प्रमुख केलं. हे तिनं लपवलं असतं. पण साहेबांच्या बायकोनं थेट आईला फोन करून अभिनंदन केलं.

"लाभला!" इंदिराबाईंनी जाहीर केलं. "उद्या माप देऊ, बुधवारी अंगठी घालू, रविवारी धवलला बोलावते."

त्या रात्री आभानं उशी उचलून पुडीकडे बघितलं. एवढासा खडा. तो लाभला, म्हणजे सराफ बाजारात जायचं काम संपलं.

शनिवारी मायलेकी दुकानात आल्या. विहंग मापाच्या कड्या घेऊन बसला. करंगळीचं माप घ्यायला दोन कड्या पुरतात. त्यानं अकरा घातल्या.

"एवढी अवघड आहे का तिची करंगळी?" इंदिराबाईंनी विचारलं.

विहंगनं अकरावी कडी काढली आणि खाली ठेवली.

"काकू… एक सांगायचंय. मी तुम्हाला तीन खडे दिलेच नाहीत. तिन्ही वेळा तोच दिला. फक्त पुडी बदलली."

वेणीमाधवांनी डोळे उघडले. ते दुकानात गेल्या कित्येक दिवसांत कुणी बघितले नव्हते.

"म्हणजे?" इंदिराबाई म्हणाल्या. "मग माझा गुडघा?"

"पहिल्यांदा तो दिला, कारण यांना तोच शोभत होता. मिक्सरमुळे त्याची बदनामी मला बघवेना. म्हणून परत तोच दिला."

"आणि तिसऱ्यांदा?" आभानं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"तिसऱ्यांदा…" त्यानं कड्यांचा जुडगा चाळवला. "तिसऱ्यांदा, याही खेपेला तुम्हाला लाभू नये, अशी प्रार्थना करून दिला. सराफानं असं करू नये. पण तुम्ही परत येत होता, आणि मला… शनिवार-बुधवारची सवय झाली."

आभानं समोरचा खडा उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "पतंगाचं शेपूट."

"काय?"

"तिन्ही पुड्यांत होतं. उजव्या कडेला. मी दिवसाला चारशे नग तपासते, विहंग. तुला काय वाटलं, मला कळणार नाही?"

त्या 'तुला'वर काका खुर्चीत सरळ झाले.

"मग… बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तू खरंच दुसरा दिला असतास. आणि तो लाभला असता तर?" मग ती आईकडे वळली. "आई, मिक्सर आधीच जळाला होता."

इंदिराबाई स्टुलावर बसल्या. त्यांनी विहंगकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि शेवटी त्या हिरव्या खड्याकडे बघितलं. बराच हिशेब लागत होता.

"गुरुजी म्हणाले होते, पाचू बोटात चढला की बोलणी करा," त्या सावकाश म्हणाल्या. "पुण्यातच करा, असं काही म्हणाले नव्हते."

"आई… आणि धवल?"

"मी कळवते त्याला. तो बिचारा एक ओळ खोडेल." मग त्या विहंगकडे वळल्या. "पण हे बघा, तुम्हालाही आधी पारखून घेणार. तीन दिवस रोज घरी या. आमच्यात बसा, बोला, जेवा. लाभता का बघू."

"उशाखाली तेवढा ठेवू नका," काका म्हणाले. "घोरतो."

आभा हसत हसत दारात पळाली. मागोमाग तो आला. टप… टप… त्यानं सवयीनं तळहात वर धरला. या वेळी तिनं तो खाली ओढला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. थेंब तिच्या केसांवर पडत राहिले.

"भिजशील," तो म्हणाला.

"माझ्यात तेल भरलेलं नाही," ती म्हणाली. "आणि मला तू आवडतोस. रेघांसकट."

तो काही बोलणार होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला योग्य शब्द, योग्य क्रमानं सुचले होते. बाजार थबकला होता, बेचाळीस अंशांतही अंगावर शहारा होता, आणि तो ओठ उघडणार, इतक्यात आतून काकांचा आवाज आला—

"आशीर्वाद आहेच. तेवढं दार लोटून घ्या."