वळणावरची थाप

परवेझ शेखला मी वीस वर्षं ओळखतो. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की अर्धा चहा टाकून उठणारा माणूस. हे सांगताना तो घाबरलेला कमी आणि चिडलेला जास्त होता. म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

गेल्या वर्षीचा एप्रिल. मंगळवार, दुपारचे साडेतीन. पाथर्डीच्या पलीकडे डोंगरातल्या एका वस्तीवर जाणारा कच्चा चढ.

परवेझ शेवगावचा. दर शुक्रवारी त्या वस्तीवरून पिकअपमध्ये शेळ्या भरायच्या आणि शनिवारी काष्टीच्या बाजारात उतरवायच्या, हा त्याचा धंदा. चढावर एकच वळण वाईट. जुनी पिकअप तिथं दोन-तीनदा मागंपुढं घ्यावी लागायची. शेळ्या एकमेकींवर आदळायच्या. मार्चमध्ये एका गाभण शेळीचा पाय मोडला.

परवेझनं वैतागून गाडीच विकली.

आता त्याला एका दमात वळणारी पिकअप हवी होती. गाड्यांचा एजंट सूर्यभान म्हणाला, "तीन दावतो. त्याच वळणावर चालवून बग, मग बोल."

पहिली आखूड. सूर्यभान वळणावर उतरून पुढं उभा राहिला. परवेझनं स्टेअरिंग पूर्ण कापलं. गाडी अलगद वळायला लागली, आणि…

मागच्या हौद्यावर थाप पडली.

धप… धप.

गाडी कुठं लागत असली की क्लीनर मारतो ना, तशी. परवेझचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"थांबलास कशाला? वळत हुती की!" सूर्यभान ओरडला.

"मागं कोन हाय?"

मागं कुणीच नव्हतं.

"मागचा फाळका वाजला आसंल," सूर्यभान म्हणाला.

परवेझनं उतरून फाळका हलवून पाहिला. घट्ट होता.

बुधवारी दुसरी. लांब, पण स्टेअरिंग एका बोटानं फिरेल असं हलकं. तीही वळली असती. नेमकं त्याच जागी…

धप… धप.

परवेझनं स्टेअरिंगवर मूठ आपटली. सूर्यभानही तापला. "गाड्यांना नावं ठिवू नगंस. दोन्ही वळत्यात. तुलाच वळवता येत न्हाई!"

बावीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला हे ऐकावं लागलं. रात्री त्याचा डोळा लागला नाही. जुन्या गाडीचा खडखडाट, शेळ्यांचं ओरडणं… त्या गोंगाटात थाप कधी ऐकू आली नव्हती, तरी त्याचा पाय नेमका तिथंच ब्रेकवर जायचा. म्हणजे जुनीही वळत होती? मग ती आपण उगाच विकली?

गुरुवारी तिसरी. कोरी, मागचं दाखवणाऱ्या कॅमेऱ्याची.

"आज तू शेजारी बस," परवेझ सूर्यभानला म्हणाला. "आन् कान उघडे ठिव."

ऊन मी म्हणत होतं. दोन्ही काचा खाली होत्या. वळण आलं. स्टेअरिंग फिरलं.

धप… धप.

सूर्यभाननं चटकन मागं पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

गाडी थांबली. वारा नाही. पाखरू नाही.

मग मागून आवाज आला. सावकाश. थकलेला. रोज हेच काम करणाऱ्या माणसाचा.

"येऊ दे…"

परवेझचा हात गिअरवर गेला. त्यानं नेला नव्हता. गेला.

"येऊ दे… येऊ दे…"

गाडी मागं सरकू लागली. समोरच्या छोट्या पडद्यावर नुसती माती दिसत होती. माणूस नाही. सावलीसुद्धा नाही.

"येऊ दे… लई जागा हाय…"

सूर्यभाननं दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला.

गाडी हिसका देऊन बंद पडली. मागं दगड घरंगळत खाली गेले. बराच वेळ जात राहिले.

परवेझ उतरला. मागचं चाक दरीच्या कडेपासून वीतभर अंतरावर होतं.

वर खडकावर बनुबाई उभ्या होत्या. वस्तीवरच्याच. परवेझ त्यांच्या शेळ्या कित्येकदा घेऊन गेला होता. त्या खाली आल्या आणि आधी काचांकडे बघितलं.

"काचा उगड्या ठिवून आलात व्हय? हितं आमचा एक बी डायवर काच उगडी ठिवत न्हाई."

"मावशी, तीन वर्षं येतोय मी! एका शब्दानं सांगायचं तरी!"

"सांगितलं आस्तं तर आला आस्तास का?"

"कोन हाय ते?"

बनुबाईंनी पदर तोंडाला लावला. "त्येचं नाव घेत न्हाईत बाबा."

एवढंच. पुढं वस्तीवर कुणीही तोंड उघडलं नाही.

खरा संताप परवेझला याच्यापुढचा आहे. सूर्यभान आता सगळ्या शेवगावात सांगतो, आवाजबिवाज काही नव्हता, परवेझनं चुकून रिव्हर्स टाकला. एकदा चहाच्या टपरीवर चारचौघांत परवेझनं त्याला धरलं.

"आवाज नव्हता, तर गाडी मागं सरकायच्या आदीच वळून का बगितलंस?"

सूर्यभाननं कप ठेवला आणि निघून गेला.

परवेझनं शेवटी ती लांब पिकअप घेतली. वस्तीवर मात्र जात नाही. लोक शेळ्या हाकत खाली डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. चांगलंच लांब पडतं. कुरकुरतात, पण आणतात.

मी त्याला सहज म्हणालो, "अरे, काचा लावून जायचं की."



"गेल्तो एकदा. एकटाच. दोनी काचा गच्च लावून."

"मग?"

"थाप न्हाई पडली."

मी हसलो. तो हसला नाही.

"शेजारच्या सीटवरनं म्हनला… येऊ दे."