दुखवट्यातला उमेदवार

कुशेश्वर ढुंगाना खोटं बोलू शकत नाही, ही गोष्ट साऱ्या काठमांडू खोऱ्याला ठाऊक होती. ठाऊक नसणं अवघडच होतं, कारण दिसेल त्या भिंतीवर त्याने ती स्वतःच रंगवून घेतली होती.

पाटणच्या गल्लीत खासगी गुप्तहेर केशरी तुलाधरच्या कचेरीसमोरही अशी एक भिंत होती. ‘सत्य एकटंच लढतं’ असं तिच्यावर लिहिलं होतं आणि खाली सत्याची निशाणी होती, कंगवा. अपक्षाला मिळेल ती निशाणी घ्यावी लागते. कुशेश्वरच्या डोक्यावर एकही केस नव्हता, पण त्यावर उघडपणे हसायची अजून कुणाची हिंमत झाली नव्हती. माणूस देशासाठी नोकरी घालवून बसला होता.

त्या सकाळी सत्य जिना चढून वर आलं, तेव्हा घर्ती खाडकन उठून उभा राहिला. घर्ती हा पोलिसातून निवृत्त झालेला हवालदार, आता केशरीचा सहायक. समोर कुणी मोठा माणूस आला की त्याचे पाय अजून आपोआप जुळत.

कुशेश्वर नखशिखांत पांढरा होता. पांढरे कपडे, पांढरी टोपी, चामडं वर्ज्य म्हणून कापडी बूट. श्रावणात त्याचे वडील गेले होते आणि वर्षाचा दुखवटा तो जाहीरपणे पाळत होता. हा पोशाख मतांसाठी आहे, असं विरोधक म्हणत. घर्तीला असं बोलणं पाप वाटे.

“केशरी दिदी, माझा घात झाला,” कुशेश्वर म्हणाला आणि त्याने फोन पुढे धरला.

तो व्हिडिओ घर्तीने आधीच चारदा पाहिला होता. सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातलेली असल्यामुळे तो सगळ्यांनीच पाहिला होता. मंत्री बदलला की बंदी उठे, नवा आला की पुन्हा बसे, आणि आज फोन उघडणं गुन्हा आहे का, हे लोक शेजाऱ्याला विचारून घेत. कुशेश्वर एका खात्यात शाखा अधिकारी होता. बंदी घालणाऱ्या साहेबांनीच स्वतःच्या फोनसाठी सरकारी खर्चाने चोरवाट करून घेतली होती, हे त्याने पुराव्यानिशी चव्हाट्यावर आणलं. नोकरी गेली, नाव झालं. ‘बंदी कायमची उठवेन’ या एका वाक्यावर तो आता निवडणुकीला उभा होता.

आणि व्हिडिओत तो बैठकीत बसून कुणाला तरी सांगत होता, “अरे, उठवायची कशाला? निवडून येईपर्यंत उठवू म्हणायचं. एकदा आपल्या हातात आली की बंदीसारखी सोयीची वस्तू नाही.” कुणीतरी हीच वाक्यं ठळक अक्षरांत चित्राच्या खालच्या अर्ध्यावर चिकटवली होती. वर फक्त चेहरा उरला होता.

“हा मी नाही,” कुशेश्वर म्हणाला. “एआयने बनवलाय. एक तर आवाज माझा नाही. खोली माझ्यासारखी दिसते, पण माझ्या खोलीचे फोटो प्रचारात शंभरदा छापलेत. आणि असा पाय पसरून मी कधी बसतच नाही.”

“आणखी काही?”

“एवढं पुरत नाही?”

“पुरायला हवं,” केशरी म्हणाली. “बनवला कुणी?”

“मनशा राई. माझ्याच प्रचारातली पोरगी. सगळ्यात आधी तिने टाकला. विरोधकांनी फितवलीय. काल मी तक्रार दिली, ती कोठडीत आहे. उद्या कोर्टात उभी करतील. बंदीच्या कायद्याखाली खोटा व्हिडिओ पसरवला की तीन वर्षं. तुम्ही फक्त तिच्याविरुद्ध पुरावा द्या.”

“बंदीच्या कायद्याखाली,” केशरीने शांतपणे पुन्हा म्हटलं.

“कायदा वाईट आहे,” कुशेश्वर म्हणाला, “पण सध्या आहे ना!”

*

चौकीतला इन्स्पेक्टर एकेकाळी घर्तीच्या हाताखाली शिकला होता. त्याने केशरी आणि घर्तीसाठी चहा मागवला आणि मनशाला बाहेर आणून बसवलं.

पोरगी तेवीस-चोवीसची होती. रडून झालं होतं, आता राग उरला होता. कुशेश्वरला ती सगळ्या प्रचारासारखीच ‘दाई’, म्हणजे दादा, म्हणे.

“व्हिडिओ तू बनवलास?” घर्तीने पोलिसी आवाज काढला.

“काका, मला एवढं येत असतं, तर मी ह्या कुशेश्वर दाईंसाठी फुकटात पोस्टरं चिकटवत फिरले असते?”

“मग आला कुठून?”

“घरमालकाकडून. पंडितबाजे आहेत, घरोघरी पूजा सांगतात. आम्ही सगळे भाडेकरू त्यांच्या ग्रुपमध्ये. रोज सकाळी देवाचे फोटो टाकतात. त्या दिवशी देवाच्या जागी दाई आले.”

“पंडिताचा राजकारणाशी काय संबंध?”

“मीही तेच विचारलं. म्हणाले, चुकून तुमच्यात पडला, मला आमच्या गुरूंना पाठवायचा होता. लगेच पुसलाही. कुणाकडून आला विचारलं, तर यजमानाच्या घरचं बाहेर सांगत नसतात म्हणे.”

“आणि तू तो जगाला दाखवलास.”

“मी दाईंना विचारलं!” मनशाचा आवाज चढला. “‘दाई, हे तुम्हीच का?’ एवढंच लिहून टाकलं. रात्रंदिवस ज्यांच्यासाठी राबले त्यांना विचारायचं नाही? उत्तर म्हणून पोलीस आले.” मग ती एकदम खाली बघून म्हणाली, “दिदी, गावी धरानला आईला अजून कळवलेलं नाही. तीन वर्षं म्हटलं तर ती मरेल.”

केशरीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि इन्स्पेक्टरकडे तिचा जप्त केलेला फोन मागितला.

मूळ व्हिडिओवर अक्षरं नव्हती. चित्रण खालून, जमिनीलगत बसून केल्यासारखं होतं. कुशेश्वरचं कपाळ वर कापलं गेलं होतं, आणि चित्राच्या अगदी मधोमध त्याच्या हातातलं मातीचं पसरट भांडं होतं. चमचा खाली जात होता, वर येत होता. “बंदीसारखी सोयीची वस्तू नाही, आणि शिवाय...” एवढं म्हणत त्याने रिकामं भांडं बाजूला ठेवलं, तिथेच व्हिडिओ संपला.

“अरे!” घर्ती ओरडला. इन्स्पेक्टरचा चहा सांडला. “मॅडम, दही! भक्तपूरचं दही खातोय! बाप गेला की वर्षभर दही वर्ज्य, आई गेली की दूध वर्ज्य, बच्चाबच्चाला माहीत आहे. ढुंगानाजी मेले तरी खायचे नाहीत. म्हणजे व्हिडिओ खोटा! सिद्ध झालं!”

घर्तीला इतक्या लवकर काही सुचण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याने सगळ्यांकडे पाहिलं.

“घर्ती दाई, शाब्बास,” केशरी म्हणाली. “आता एक सांगा. सकाळी त्यांनी कोणकोणती कारणं दिली?”

“आवाज. खोली. पाय पसरणं.”

“हं,” ती म्हणाली आणि फोन परत करून उठली.

यात ‘हं’ म्हणण्यासारखं काय होतं, ते घर्तीला कळलं नाही. वाटेत त्याने एक प्लेट मोमो खाल्ले, तरी कळलं नाही.

*

कुशेश्वरच्या घरी त्याचा मेहुणा बद्री पंत भेटला. प्रचाराची सगळी सूत्रं त्याच्या हाती. तो इतका गोड बोलत होता की घर्तीने त्याला लगेच गुन्हेगार ठरवून टाकलं.

“या या! दाईंनी योग्य माणसं गाठली. त्या पोरीला सोडू नका.”

“व्हिडिओत दाई कुणाशी तरी बोलताहेत,” केशरी म्हणाली. “समोरचा दिसत नाही.”

“मी नाही हं!” बद्री हसला. “त्या दिवशी मी घरातच नव्हतो. सभेला होतो.”

“बरं. पाठिंबा कसा आहे?”

“वाढतोय! खोट्या व्हिडिओचा बळी म्हटलं की लोक हळहळतात. तसं पाहिलं तर त्या पोरीने उपकारच केले.”

केशरी बैठकीत फिरली. कुशेश्वरच्या गादीसमोर स्वयंपाकघराचं दार होतं. उंबऱ्याच्या आत एक म्हातारी जमिनीवर बसून समईच्या वाती वळत होती. शेजारी पाटावर मोठा चकचकीत फोन होता.

“ह्या आमच्या फुपू,” बद्री म्हणाला. “दाईंच्या वडिलांची धाकटी बहीण. बोलून उपयोग नाही, ऐकू येत नाही.”

“नमस्कार फुपू!” घर्ती शिरा ताणून ओरडला. “तो व्हिडिओ पाहिलात का?”

“काय?”

“व्हिडिओ!”

“मुलगा कतारला आहे. त्याने पाठवला फोन. नातवंडं दिसतात.”

“कुशेश्वर दाई काय बोलले त्यात, कळलं का?”

“तो काय बोलतो त्याच्याशी मला काय करायचंय?” म्हातारी तुटकपणे म्हणाली. “दिवसभर बडबडतोच.”

तेवढ्यात कुशेश्वर आत आला. वाकून म्हणाला, “फुपू, चहा घेतलात?” म्हातारीने वाती उचलल्या आणि ती त्याच्याकडे पाठ करून बसली.

“आठवडा झाला, रुसल्यात,” कुशेश्वर ओशाळं हसला. “म्हातारपण.”

“बसा, ढुंगानाजी,” केशरी म्हणाली. “बद्रीजी, तुम्हीही. घर्ती दाई, तेवढा दरवाजा लावा.”

*

घर्तीने दरवाजा लावला आणि बद्री पळालाच तर अडवता येईल अशा बेताने उभा राहिला.

“पुरावा मिळाला?” कुशेश्वरने विचारलं.

“मिळाला. मनशाने काही बनवलेलं नाही. व्हिडिओ खरा आहे.”

“काय बोलताय तुम्ही!”

“व्हिडिओ खोटा ठरवायचा, तर तुमच्याजवळ एक कारण असं होतं की बाकी कशाची गरजच नव्हती. पसरलेले पाय मूळ व्हिडिओतच दिसतात, म्हणजे तो तुम्ही पाहिलात, आणि त्यात तुम्ही दही खाताय. दुखवट्यातला माणूस दही खातो? निर्दोष माणूस माझ्या जिन्यावरूनच ओरडत आला असता. घर्ती दाईंना ते पाहताक्षणी सुचलं. घर्ती दाईंना!”

घर्तीला हे कौतुक आहे की काय, ते ठरवता येईना.

“तुम्ही आवाज, खोली, पाय असं सगळं सांगितलंत. दह्याबद्दल अवाक्षर नाही. कारण खोटा व्हिडिओ म्हणून तुमचा बचाव त्यानेच झाला असता, पण घरात चर्चा दह्याची सुरू झाली असती. ती तुम्हाला नको होती.”

“हा नुसता तर्क आहे,” बद्री म्हणाला.

“बद्रीजी, तुम्ही म्हणालात, ‘त्या दिवशी’ घरात नव्हतो. बनवलेल्या व्हिडिओला कुठला आलाय दिवस? मी दिवसाचं नाव काढलं नव्हतं.”

बद्रीचा गोडवा आटला. तो खिडकीबाहेर पाहू लागला.

“म्हणजे ह्यानेच काढला!” घर्ती एक पाऊल पुढे आला.

“नाही हो. हे समोर बसून ऐकत होते. चित्रण स्वयंपाकघराच्या दारातून झालंय, जमिनीवर बसून. आणि कशाचं झालंय ते पाहा. ज्याला बोलणं पकडायचं असतं, तो चेहरा धरतो. इथे कपाळ कापलंय आणि भांडं मधोमध आहे. तुम्ही ‘आणि शिवाय’ म्हणालात, तिथे संपलं. वाक्यात जीव असलेला माणूस तिथे थांबला असता? पण भांडं रिकामं झालं, काम झालं. त्या व्यक्तीला तुमचं राजकारण ऐकूच येत नव्हतं. तिने दह्याचा व्हिडिओ काढला.”

घर्तीने सावकाश स्वयंपाकघराकडे मान वळवली.

“मग तिने तो कुणाला पाठवला? वार्ताहराला नाही, विरोधकाला नाही. तुमच्या घरच्या पंडिताला. याला प्रायश्चित्त काय, हे विचारायला. पंडितबाजेंनाही नक्की सांगता येईना, त्यांनी गुरूंना पाठवायला घेतला आणि तो भाडेकरूंच्या ग्रुपमध्ये पडला. त्यातली एक मनशा.”

“हे कोर्टात टिकणार नाही,” कुशेश्वर म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता, पण आवाज सभेतला होता. “मी सांगेन, तो मी नव्हेच. देश माझ्यावर विश्वास ठेवतो. मी आजवर खोटं...”

“कुशे!”

फुपू उंबऱ्यात उभी होती. ऐकू काही आलं नव्हतं, पण सगळे आपल्याकडे का बघताहेत, ते तिला समजलं होतं.

“कुशे, दही खाल्लंस की नाही?”

पंधरा सभांमध्ये, तीन वाहिन्यांवर आणि एका पोलीस चौकीत जे उमेदवाराने बेधडक सांगितलं होतं, ते चार फुटांवरच्या त्या म्हातारीला त्याला सांगता आलं नाही.

“खाल्लं, फुपू,” तो मोठ्याने म्हणाला.

“अजून सहा महिने झाले नाहीत रे माझ्या भावाला.”

“चुकलं.”

म्हातारीने पदराने डोळे पुसले. मग घर्तीकडे वळली. “आणि हे पोलीस कशाला आणलेत? दह्याला?”

घर्तीने तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. एक मुलगी, कोठडी, तीन वर्षं. सांगायला बराच वेळ लागला, आणि सांगता सांगता त्याला स्वतःलाही सगळं पहिल्यांदा नीट कळलं.

“माझ्या फोनपायी परक्याची लेक आत?” फुपूने वाती टोपलीत टाकल्या. “उद्या मी येते कोर्टात. न्यायाधीशाला मीच सांगते, काय खाल्लंस ते.”

“फुपू, तुम्ही नको,” कुशेश्वर घाईघाईने म्हणाला. “मीच जातो. तक्रार मागे घेतो.”

“आणि व्हिडिओ खरा आहे हे?” केशरीने विचारलं.

“तेही,” तो म्हणाला.

बद्री डोकं धरून खाली बसला.

*

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर वार्ताहरांची झुंबड होती. फुपू पहिल्या पायरीवर उभी राहून बघत होती, त्यामुळे कुशेश्वरने काही गाळलं नाही. व्हिडिओ खरा, शब्द त्याचे, मुलगी निर्दोष. बंदी हाती आल्यावर उठवायची नव्हती, हेही त्याने सांगितलं. घर्तीला तो प्रथमच भिंतीवरच्यासारखा वाटला. बद्री गर्दीतून केव्हाच पसार झाला होता.

तक्रार मागे घेण्याचा अर्ज घेऊन कुशेश्वर, केशरी आणि घर्ती आत गेले. आवारात उन्हात बसून मनशा राई भुईमुगाच्या शेंगा खात होती, आणि आईशी फोनवर बोलत होती.

“सुटलीस?” घर्ती चकित झाला. “कधी?”

“सकाळीच, काका. पहिलाच खटला माझा होता.”

कारकुनाने अर्ज घेतला नाही. ज्या खटल्यासाठी तो होता, तो उरलाच नव्हता. शेवटच्या वेळी बंदी घालताना तिचा आदेश राजपत्रात छापायचा राहून गेला होता, त्यामुळे ती बंदी एकही दिवस लागू नव्हती.