मधली रेघ

मुलांनो, असं चित्र डोळ्यांसमोर आणा: कळसाडी गावाच्या टोकाला माझी ओसरी, अगदी समोर कापसाची दोन शेतं आणि त्यांच्यामध्ये गुडघाभर उंच बांध. अलीकडचं शेत रुपाच्या आबांचं, पलीकडचं तिच्या भाईदास काकांचं. दुपारचे तीन वाजलेले.

रुपा सातवीत होती. तिने आबांचा लॅपटॉप आणला होता. त्यातली जुनी ऑपरेटिंग सिस्टीम तशीच ठेवून शेजारी नवी बसवायची, एवढाच त्या दिवसाचा धडा.

"दोन भाऊ एकच घरमा? भांडतीन ना, गुरुजी."

"म्हणून तर मध्ये बांध घालायचा," मी म्हणालो.

हे मी बोलायला नको होतं. लॅपटॉपच्या डिस्कचे दोन हिस्से करून त्यांना नावं द्यायची वेळ आली, तेव्हा तिने जुन्याला 'आबा' लिहिलं आणि नव्याला 'काका'. मला हसू आलं. पडद्यावर दोन रंगांचे पट्टे उमटले, मध्ये उभी रेघ. ती सरकवून कुणाला किती जागा ते ठरवायचं. आपण शेवटची मान्यता देईपर्यंत खरं काहीच बदलत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं.

तिने रेघ आबांच्या पट्ट्यात थोडी ढकलली.

शेतातून आबांचा आवाज आला. "भाईदास, बांध का सरकावा रे?"

"मी हातबी नही लावा, दादा. डोया तपासी ये."

मी चष्मा पुसून पाहिलं. बांध अलीकडे आला होता. आबांच्या कापसाच्या दोन ओळी पलीकडे गेल्या होत्या. बांधाची माती ओली होती, नुकती खणल्यासारखी.

"मागे घे," मी म्हणालो.

रुपाने घाईने ओढली. रेघ मागे आली ती जास्तच, काकांच्या पट्ट्यात. बांध काकांच्या पायाखालून निघून गेला आणि ते तोंडावर पडले. उठले ते फावडं घेऊनच.

पहिला घाव आबांच्या खांद्यावर बसला, दुसरा कानावर. आबा गुडघ्यांवर आले. सदरा एका बाजूने लाल होत गेला. मी ओरडत पायऱ्या उतरलो. फावडं तिसऱ्यांदा वर गेलं.

रुपाने रेघ काकांच्या पट्ट्याच्या पार टोकाला नेली.

फावडं खाली पडलं. बांध काकांच्या अंगावर चढून पुढे सरकत होता. वाळक्या पऱ्हाट्या मोडाव्यात तसा आवाज येत राहिला. ते छातीपर्यंत मातीत गेले.

आबा हलत होते. जिवंत होते.

मी मागे वळलो. "पोरी, रेघ परत आण. अजून आणता येते."

"त्यास्नी मन्हा आबाले मारं, गुरुजी."

पडद्यावर एक लहान चौकट उघडली होती. 'काका' हा हिस्सा कायमचा पुसला जाईल. खाली दोन बटणं: नको. होय.

शेतात, मातीबाहेर राहिलेला एक हात आमच्या दिशेने हलत होता.

रुपाने चौकटीतली ओळ बोट ठेवून वाचली. पुन्हा एकदा वाचली.

मग तिने 'होय' दाबलं.