रुमाल टाकलेली जागा

अप्पांना पिक्चर बघण्याइतकीच पिक्चरची वाट बघण्याचीही हौस. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात नोकरी होती तेव्हा नवा पिक्चर लागला की ते शुक्रवारी रजा टाकायचे आणि मला घेऊन पॅसेंजरने सोलापूर गाठायचे. थिएटरात शिरताच खांद्यावरचा मोठा रुमाल शेजारच्या खुर्चीवर टाकून माझी जागा धरायचे. पिक्चर सुटला की बाहेरच्या उन्हात डोळे मिचकावत पहिला प्रश्न ठरलेला, "पुढचा कुठला?"

आता ते जुळे सोलापुरात आमच्याकडे, लेकीच्या घरी असतात. मल्टिप्लेक्समध्ये खुर्च्यांना नंबर असतात, जागा पळवायला कोणी येत नाही, हे मी त्यांना शंभरदा सांगितलंय. तरी मी खाली स्कूटी लावून वर येईपर्यंत माझ्या खुर्चीवर रुमाल पडलेला असतोच. मृत्युंजय, माझा नवरा, त्यावरून त्यांना चिडवतो. नंबर खुर्चीचा असतो, माणसाचा नव्हं, असं अप्पांचं उत्तर.

उन्हाळ्यात अप्पांचं हृदय फार थकल्याचं निघालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दिवाळी दिसली तर नशीब समजा. मी पोटभर रडले आणि मग कामाला लागले. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, हातपाय गाळून बसणं माझ्या स्वभावात नाही. अप्पांना जगवायचं तर त्यांना वाट बघायला काहीतरी द्यायचं, असा माझा सरळ हिशेब होता. रोज संध्याकाळी चहा घेऊन आम्ही गॅलरीत बसायचो आणि मी मोबाइलवर येणाऱ्या पिक्चरांचे ट्रेलर लावायचे. गणपतीत एक रहस्याचा होता, दसऱ्याला युद्धाचा, दिवाळीला मोठा विनोदी.

गणपतीतल्या पिक्चरचा ट्रेलर संपला तेव्हा अप्पा शांतपणे म्हणाले, "ह्यो बघितलाय की."

मी हसले. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. विहिरीत दिवा सोडतात तिथं इंटरव्हल होतो. त्याच्या जरा आधी थिएटरचा एसी बंद पडला होता आणि तू पॉपकॉर्नच्या डब्यानं मला वारा घातलास. गोळ्यांनी जुन्या पिक्चरांची सरमिसळ होत असेल, असं मी मनाशी ठरवलं. जुन्या थिएटरात आम्ही शेंगा खायचो, पॉपकॉर्नचे डबे नव्हते, हे लक्षात आलं होतं. पण तो विषय मी वाढवला नाही.

गणपतीत आम्ही पिक्चरला गेलो. एसी बंद पडला. लोक कुरकुर करू लागले आणि अप्पांना घाम आलेला बघून मी डब्यानं वारा घालायला लागले. पडद्यावर कुणीतरी विहिरीत दिवा सोडला. दिवे लागले तेव्हा डबा माझ्या हातातच होता. अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही.

एसी बंद पडणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही, असं मी स्वतःला वर्गात शिकवावं तसं समजावलं.

दसऱ्याच्या पिक्चरबद्दल त्यांनी इतकंच सांगितलं की तुला यायला उशीर झाला, पडद्यावरची सुरुवातीची नावं संपली होती आणि तुझ्या ओढणीचं टोक काळं झालं होतं. मी हट्टाला पेटले. त्या दिवशी स्कूटी घरीच ठेवली, अप्पांना मृत्युंजयबरोबर पुढे पाठवलं आणि कॉलेजातून तासभर आधी निघून रिक्षा केली. सात रस्त्याच्या चौकात रिक्षा बंद पडली. उतरताना ओढणी मागच्या चाकापाशी अडकली. थिएटरात पोचले तेव्हा पडद्यावर तोफा सुरू झाल्या होत्या. अप्पांनी खुर्चीवरचा रुमाल उचलला आणि मला ओढणीचं ग्रीस पुसायला दिला.

मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, मला आनंद झाला. अप्पांना आठवतं ते घडतं. मग त्यांना दिवाळीचा पिक्चर आठवत असेल, तर दिवाळीला ते असणारच. वर्गात असं कुणी मांडलं असतं तर मी शून्य गुण दिले असते. मला मात्र ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं.

दुसऱ्याच संध्याकाळी मी विचारलं.

अप्पा समोरच्या कडुलिंबाकडे बघत राहिले. "त्यो ऱ्हाऊ दे."

"बघितलाय की नाही, एवढंच सांगा."

"बघितलाय."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. डॉक्टरांचं म्हणणं गेलं खड्ड्यात. मी त्यांचा हात धरला आणि अधाशासारखी विचारत सुटले. पहिल्याच दिवशी गेलो होतो ना?

"न्हाय. उतरायला आला हुता तवा. तिसरा आठवडा आसंल."

अप्पांनी जन्मात पहिला दिवस चुकवलेला नव्हता. थिएटर भरलं होतं का, मी विचारलं.

"मोकळंच हुतं. जावईबापू आन् म्या. लई मागं दोन-चार पोरं."

"आणि मी?"

त्यांनी मांडीवरचा रुमाल उलगडला, पुन्हा घडी घातली.

"रुमाल टाकला हुता की, पोरी."

"मोकळ्या थिएटरात?"

"व्हय. शेवटापतुर तसाच हुता." घडी मांडीवर सारखी करत ते म्हणाले, "जावईबापू लई रडले. पिक्चर तर हसायचा हुता."

मी परीक्षेच्या कामाला परगावी गेले असेन, असं मी म्हटलं. अप्पा म्हणाले, आसंल.

पुढचा कुठला, हे त्यांनी विचारलं नाही.

अप्पांची तब्येत आता छान आहे. जिना चढतात. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली आणि नवल वाटतं म्हणाले. दिवाळी तोंडावर आली आहे. मी मुद्दाम पहिल्या दिवशीची, पहिल्या खेळाची तीन तिकिटं काढली आणि अप्पांना मोबाइलवर दाखवली. त्यांनी मान हलवली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आज सकाळी स्कूटीची चावी खुंटीवर नव्हती. घरभर शोधली.

अप्पा अंघोळीला गेले तेव्हा मी त्यांचं अंथरूण झटकलं. उशीखाली रुमाल होता. त्याच्या टोकाला गच्च गाठ मारलेली होती आणि गाठीत चावी होती.

मी गाठ सोडली नाही. रुमाल होता तसा उशीखाली ठेवला.

कॉलेजला उशीर होत होता. खाली उतरून मी रिक्षाला हात केला आणि बसताना ओढणी नीट आवरून घेतली.