एक नमस्कार राहिला होता

जपानमधल्या उवाजिमाच्या कुरोइवा घराण्यात गेन्झो झाले, गेन्झोंचे क्योहेइ, क्योहेइंचे मासाकी. तिघेही संत्र्यांचे बागायतदार, तिघेही ताठ मानेचे. गावातला ज्युदोचा आखाडा चालवणाऱ्या तोमिएबाईंच्या वडिलांकडून लढत हरल्यावर गेन्झो वाकून नमस्कार न करताच आखाड्यातून निघून गेले होते. त्यानंतर त्या घरातल्या कोणी आखाड्याचा उंबरठा ओलांडला नव्हता.

म्हणून जानेवारीतल्या त्या गारठलेल्या पहाटे, दारातल्या तरुणाने ‘तात्सुया कुरोइवा, मासाकींचा मुलगा’ असे नाव सांगताच सुमिकाच्या हातातला झाडू थबकला.

“शिकायला आलात, की भांडायला?”

“पडायला! इथे आधी पडायलाच शिकवतात म्हणे...”

सुमिका तोमिएबाईंची नात. नवख्यांना तीच शिकवी. थंडीतल्या सरावाचे दहाही दिवस तात्सुया पडत राहिला.

“हनुवटी छातीला लावा. मान ताठ ठेवली, तर डोकं आपटेल.”

“खानदानी मान आहे, गुरुबाई. जरा वेळ लागेल.”

“आणि जोराला जोर लावू नका. समोरचा ओढतोय ना? त्याच्या ओढीनंच पुढे जा.”

“मग तुमच्या ओढीनं... कुठवर येऊ?”

“चटईच्या कडेपर्यंत. पुढे आजी बसलीय!”

ती हसली, आणि तिच्या श्वासाची वाफ क्षणभर दोघांच्या मध्ये तरंगली. रोज तिच्या चपलेत एक संत्रे सापडू लागले. त्याचा ताठा निवळला होता, खांदे सैल झाले होते; तिचे काळीज मात्र तोल सोडून बसले होते.

आजीच्या नजरेतून काय सुटणार? नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, “पोर गुणी आहे. पण ज्या घरानं माझ्या वडिलांचा नमस्कार बुडवला, तिथे माझी नात जायची नाही.”

सुमिका रात्रभर तळमळली. सकाळी तिने ते शब्द तात्सुयाला जसेच्या तसे सांगितले. 

त्या शेवटच्या दिवशीच्या लढतीत सुमिकाने त्याला स्वच्छ उचलून आपटले. तो उठला, तिला रीतसर नमस्कार केला, आणि — जायला वळलाच नाही. तोमिएबाईंसमोर गुडघे टेकून त्याने कपाळ चटईला लावले.

“हा पणजोबांचा. उशीर झाला, आजी... क्षमा करा.”



“वडील त्या दिवशी चटईवर उभेच होते,” तोमिएबाई हळूच म्हणाल्या, “तो परत येईल म्हणून. दिवे लागेपर्यंत...”

सुमिकाचा हात बाजूला सारून त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई स्वतः गुडघ्यांवर आल्या, आणि तितक्याच खाली वाकल्या.

“फिटलं,” त्या म्हणाल्या. “पुरतं फिटलं. आता ऊठ, आणि माझ्या नातीला काय विचारायचंय ते मान वर करून विचार.”